उतरणे

सदाशिव पेठेत इलाही मिस्तरीनं ती पहिल्यांदा बघितली
तेव्हा हँडलकडं बोट दाखवून विचारलं,
"उलटं बसवून दिलंय का ओ कुणी?"
मग स्वतःच वाकून खालच्या कमानी धरल्या,
ब्रेक दाबले, सोडले,
आणि म्हणाला, "ही डांबरावरची पोरगी, बाई.
हिला डोंगरात देऊ नका."

रविवारी माझं मेडिकल संध्याकाळी उघडतं.
पहाटे पाचला अभिनंदनच्या जीपवर दोन सायकली:
त्याची जाड टायरची, पुढं-मागं गुडघे असलेली,
माझी किडकिडीत, एका हाडाची.
टायरातली हवा मी कमी केली,
पाडाला आलेल्या आंब्याइतकी दबेल एवढी.
तयारी म्हणावी तर इतकीच.

चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्यांच्या सावल्या
वाटेवरून फिरत होत्या.
एक पातं, थोडं ऊन, मग दुसरं पातं.
मी मोजून त्यांच्यामधून निघत होते,
फिरत्या दोरीत उडी घ्यायला शिरावं तशी.
खडीचा रस्ता होता तोवर अभिनंदन मागं होता,
लांब मागं,
आणि मला वाटत होतं मिस्तरीला फोन करावा.

मग रस्ता संपला.
संपला कसला, गुरांच्या ताब्यात गेला.
कारवीच्या वाळक्या काठ्या दंडावर ओढत राहिल्या,
खाली जांभा, भोकाभोकांचा,
त्यावर बुंदीसारखे सुटे खडे.
अभिनंदन पुढं निघाला. त्याची सायकल
येईल त्या दगडाला वाकून नमस्कार करत होती.
माझी कुणापुढं वाकत नाही.
दगड आला की तो थेट मनगटात,
तिथून कोपरात, तिथून दाढेत,
त्या दाढेत, जिच्यात चार वर्षांपूर्वी चांदी भरली.
पाण्याची बाटली कधी उडाली कळलंसुद्धा नाही.

वरून धरले की ब्रेक ऐकत नव्हते.
बोटं वळली. मग हात खाली नेले, कमानीत,
छाती नळीला टेकायची बाकी,
आणि ब्रेक लागला, शहाण्यासारखा.
पण उतारावर डोकं खाली घालायचं!
पुढचं चाक इतकं जवळून दिसतं
की पलीकडची दरी दिसतच नाही.
म्हणूनच थोडं जमलं असेल.

वळणावर म्हशी वर येत होत्या,
त्यांच्या मागं एक बाई, डोक्यावर वाकळ.
मी येडग्यांची, तिनं न विचारता सांगितलं.
सायकलकडं बघत राहिली, मग म्हणाली,
"शिंगं तर मेंढ्याची दिसत्यात,
आन् चाल रेड्याची मागताय व्हय तिच्याकडनं?"
मी कडेला झाले. वाटेवर म्हशींचा हक्क आधीचा.
एकीनं खूर टेकवला, जागा नाही पटली,
उचलून बोटभर अलीकडं ठेवला.
एवढं मोठं धूड, पण एक खडा निसटला नाही.

घळीपाशी पायरी होती, गुडघाभर.
अभिनंदन खालून ओरडला, "मागं सरक! ब्रेक सोड!
आपोआप येतीय ती!"
मी मागं सरकले. ब्रेक सोडला.
पुन्हा धरला.
आणि उतरले.

आपल्या भाषेत हे एक बरं आहे.
डोंगर उतरून आले, मी घरी सांगते,
त्यात सायकलवरनं उतरले ते बसून जातं,
खोटं बोलावं लागत नाही.
खांद्यावर घेतली तिला. नऊ किलो.
हँडलची कमान दंडाला बिलगली,
जत्रेत दमलेलं पोर बिलगतं तशी,
आणि खाली उभा अभिनंदन
मुद्दाम दुसरीकडं बघत होता.

सोमवारी गोळ्या मोजताना अंगठा अजून थरथरत होता.
पंधराच्या जागी चौदा दिल्या,
गिऱ्हाईक चौकातून माघारी आलं.

संध्याकाळी इलाहीनं मागचं चाक फिरवलं. डुलत होतं.
आरे आवळता आवळता साखळीतनं
कारवीची एक ढलपी काढली,
माझ्या तळहातावर ठेवली.
"नांदली का?"
"भांडली," मी म्हटलं.
"बाटली तेवढी तिकडंच राहिलीय."